ताटलीखालचा आवाज

१

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नव्हती. मी घेत असे, आणि त्या वर्षी तर दातओठ खाऊन घेत असे. गहिनीनाथ.

बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शिरला होता. सीना नदी दिवाळीआधीच आटली होती. कर्जत तालुक्यातल्या त्या गावात मी शाळेत शिकवत होते. अर्धी पोरं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, उरलेली सुकडी मिळते म्हणून वर्गात येऊन बसत. घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. गिळताना घसा खरवडून निघायचा. आणि अशात माझा नवरा, पलटणीतून सुटून आलेला धडधाकट माणूस, नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात कामावर हजर व्हायला म्हणून घरातून गेला आणि भिंगारच्या बाजारातून एक यंत्र खांद्यावर टाकून परत आला.

पलटणीने मोडीत काढलेलं, सुरुंग शोधायचं यंत्र होतं ते. लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती, कमरेला सेलची पेटी आणि कानाला हेडफोन. ताटलीखाली जमिनीत धातू आला की कानातली गुणगुण वाढते. लढाईनंतर सरहद्दीवर गहिनीनाथने असल्याच यंत्राने सुरुंग काढले होते. एक सुरुंग जवळ फुटल्यापासून त्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं.

"आता आपल्या नदीत कुणी सुरुंग पेरलेत?" मी विचारलं.

"नदीचा तळ कधी असा उघडा पडतो का?" तो म्हणाला. "शंभर वर्षांत काय काय पडलं असंल त्यात. पानी आलं की गेलं समदं. कारखाना कुठं पळून जातोय?"

"कारखाना नाही पळत. जागा पळते."

त्याने ऐकलं नाही. रोज सकाळी मी शाळेत जायला निघाले की तो नदीत उतरायचा. दुपारी यायचा तेव्हा पिशवीत गंजके खिळे, बैलांच्या पायांतल्या पत्र्या, विळ्याचं पातं, एखादा ढब्बू पैसा. माझ्या सासूबाई, चांगुणाबाई, ते उंबऱ्यात बसून निवडायच्या आणि कौतुकाने हसायच्या. त्यांचं ते हसू पाहून माझं डोकं आणखी फिरायचं.

२

एके दुपारी मी शाळेतून आले तर तो ओसरीवर तळहात पुढे करून बसला होता. हातावर तुरीच्या डाळीएवढा एक पिवळा कण. घडवलेला नव्हे, वितळून पुन्हा गोठल्यासारखा, एका अंगाने चपटा.

"सोनं हाय," तो म्हणाला. "दातानं दाबून बघितलं. खारट लागलं जरा, पन सोनंच."

मी कण उचलला. ओला होता.

मला वाटलं त्याच्या हाताचा घाम. पदराने पुसून मी तो देवळीत ठेवला आणि चुलीपाशी गेले. भाकरी झाल्यावर पुन्हा पाहिलं, तर देवळीच्या कोरड्या मातीवर कणाभोवती ओलीचं वर्तुळ उमटलं होतं. कण बोटावर घेतला तेव्हा ओल तारेसारखी लांबली आणि मग तुटली. पाणी असं लांबत नाही.

मी स्वतःलाच समजावलं. मातीत क्षार असतात, क्षाराला पाणी सुटतं, पावसाळ्यात मिठाला सुटतं तसं. पण पावसाळा कुठे होता? हवा इतकी कोरडी होती की पोरांच्या पाट्या थुंकीने पुसल्या तरी क्षणात वाळत.

आठवडाभरात आणखी कण सापडले. कुठला मुगाएवढा, कुठला ज्वारीच्या दाण्याएवढा. अमृतांजनच्या रिकाम्या बाटलीत आम्ही ते ठेवले. मी रोज फडक्याने कोरडे करायची, आणि रोज दुपारपर्यंत बाटलीचा तळ चिकट झालेला असायचा.

चांगुणाबाईंनी त्यांतला एकही कण हातात धरला नाही. पहिल्या दिवशी फक्त विचारलं, "गयनी, कुठं घावलं हे?"

"नदीत."

"नदीत कुठं?"

त्याने उत्तर दिलं नाही. चांगुणाबाईंनीही पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्या उंबऱ्यात बसायच्या बंद झाल्या.

३

उत्तर मिळालं नाही की मला राहवत नाही. सकाळची शाळा सुटली तशी मी थेट नदीत उतरले. वाळू तापून चपलेतून पाय भाजत होते. गावाखालच्या पात्रात खणल्याच्या खुणा होत्या, पण जुन्या. ताज्या खुणा पुढे, वळणावर होत्या. एक मोठा काळा खडक आहे तिथे. पूर आला की वाहत आलेलं सगळं त्या खडकाला अडून बसतं. गहिनीनाथ खडकाच्या सावलीत बसून खुरप्याने वाळू उपसत होता.

मी वर पाहिलं. खडकाच्या बरोबर वर, काठावर, गावचा मसणवटा.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवतात. गरिबातला गरीब माणूस बायकोच्या डोरल्यातला मणी तोडून ठेवतो. तिसऱ्या दिवशी राख सावडून नदीत सोडतात. राखेत सोनं कुणी शोधत नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"पहिल्याच दिशी कळलं."

"आणि तरी? मेलेल्या माणसांच्या तोंडातलं घरात आणून ठेवलंत? मला पुसायला लावलंत?"

"मेलेल्याला काय करायचंय त्याचं?" तोही चिडला. खुरपं त्याने वाळूत खुपसलं. "माझ्यासंगती रंभाजी हुता, आष्टीकडचा. सुरुंगावर पाय पडला त्याचा. त्याच्या तोंडात काय ठेवायचं, तर तोंडच घावलं न्हाई आमाला. त्याचं काय अडलं? हे कुनाचंच न्हाई आता, मनकर्णा. वाहून आलेलं हाय."

त्याचं म्हणणं मला पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं, म्हणून राग आणखी वाढला. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता सगळं होतं तिथे पुरून या, नाहीतर मी माझं माझं नगरला निघून जाईन.

तो उठून उभा राहिला. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाला, "भांडन मागनं कर. आदी एकदा ऐक. माझ्या कानाचा दोष असंल तर तसं सांग." आणि हेडफोन त्याने माझ्यापुढे धरले.

४

हेडफोन जड होते. कानावर बसवताच बाहेरचं सगळं बंद झालं, वारा, दूरवर खडी फोडल्याचे आवाज, सगळं. आत फक्त एक बारीक गुणगुण. गहिनीनाथने ताटली वाळूवरून हळूहळू फिरवली. खडकापाशी गुणगुण चढली.

चढली आणि मग तुटक तुटक झाली. थांबायची, पुन्हा यायची, मधेच खाली उतरायची. वर्गात तोंडात बोर धरून उत्तर देणारं पोर असतं ना, ओठ मिटून, जिभेने बोर गालात ढकलत, तसा आवाज. काय बोलतंय ते कळत नाही, पण बोलतंय हे कळतं.

"सेल उतरलेत," मी म्हणाले.

"नवे हायेत."

त्याने खुरप्याने उकरलं. वीतभर खालून एक कण निघाला. कोरड्या वाळूत तो चमकत होता आणि त्याच्याभोवती वाळूचा ओला गोळा झाला होता. त्याने कण बाटलीत टाकला. आता खाली धातू उरला नव्हता, आता ताटली गप्प व्हायला हवी होती. त्याने ती पुन्हा खड्ड्यावर धरली.

गप्प झाली नाही. उलट आवाज स्वच्छ झाला. तोंडातलं बोर थुंकून टाकल्यासारखा.

"दोर," बाईचा आवाज म्हणाला. "आवो, दोर धरा. आवो..."

मी हेडफोन ओढून काढले. त्यात माझे केसही उपटले गेले.

"काय ऐकलंस?" गहिनीनाथ विचारत होता. "बाईमानूसच हाय ना? मला शब्द कळत न्हाईत."

मी म्हणाले, रेडिओ असेल. यंत्राच्या तारेत पुणे केंद्र सापडलं असेल, कुठलीतरी श्रुतिका चालू असेल. असं होतं. मी वाचलेलं होतं. मी ते इतक्या मोठ्या आवाजात सांगत होते की खडकावरची साळुंकी उडून गेली.

पण आवाज मी ओळखला होता. तो आक्काबाईचा होता.

५

आक्काबाई आमच्या शेजारची. सहादूची बायको. माझ्याकडे रात्रीच्या वर्गाला यायची, पाटीवर स्वतःचं नाव काढायला शिकली होती. 'आ' काढताना जीभ बाहेर काढायची.

त्या हिवाळ्यात सगळ्या विहिरी तळाला गेल्या होत्या. बायांना कमरेला दोर बांधून खाली सोडत. त्या वाटीने झिऱ्याचं पाणी खरवडून घागर भरत. एक दिवस सहादू एकटाच तिला मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेला आणि धावत, रडत गावात आला. दोर निसटला म्हणाला.

सगळं गाव हळहळलं. सहादू गरीब स्वभावाचा, कुणाला कधी अरे म्हटलं नव्हतं त्याने. पण प्रेताला आंघोळ घालायला मी होते. आक्काच्या दंडावर जुन्या, पिवळ्या पडलेल्या खुणा होत्या, पडण्याच्या कितीतरी आधीच्या. आमचं अजून लुगडं नेसवून झालं नव्हतं तोच सहादू आत घुसला आणि त्याने सोन्याचा मणी तिच्या तोंडात सारला. नुसता ठेवला नाही. हनुवटीखाली अंगठा लावून त्याने तिचं तोंड दाबून धरलं, बराच वेळ, जसं काही ती थुंकेल.

मी पाटलांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाई, दुक्खात हाय मानूस. शिकलेल्या तुमी, तुमाला समजाया पायजे." मी रागातच घरी आले होते. तो राग कुठे गेला नव्हता.

नदीला तेव्हा पाणी नव्हतं. तिची राख वाहून कुठे जाणार? खडकापाशी वाळूवर टाकून दिली होती.

नदीतून आले त्या दिवशी मी गहिनीनाथला हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. कण पुरून या म्हणून मी आता त्याला म्हणत नव्हते, हे त्याच्याही लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच सहादू आमच्या दारात उभा राहिला.

डोळे खोल गेलेले, ओठांवर पांढरे पापुद्रे. चांगुणाबाईंना रामराम घातला, मला घातला, मग गहिनीनाथकडे न पाहता म्हणाला, "तुमी वाळूतनं जे काडलं, त्यातलं एक मला द्या."

"कशाला?" मी विचारलं.

"पुरून येतो जागच्या जागी. तिचं हाय."

"ओळखशील?"

"कंचाबी चालंल," तो म्हणाला आणि एकदम त्याचा आवाज फाटला. "बाई, काल दुपारपासनं ती बोलाया लागलीय. घरात, रानात, कुटंबी. घागर कानाला लावली तरी तिचंच. पाया पडतो तुमच्या. तोंड बंद करा तिचं."

६

माझ्या आयुष्यात मला इतका संताप कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. भीती होती, नाही असं नाही. अमृतांजनची बाटली हातात धरली तर ती कोमट लागत होती. पण संतापाने भीतीला जागाच ठेवली नाही.

"चल," मी सहादूला म्हणाले. "नदीत चल. तिथेच देते."

गहिनीनाथने यंत्र घेतलं. आम्ही तिघं खडकापाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सहादूने हात पुढे केला. बाटली मी पदरात धरून ठेवली.

"आधी ऐकायचं," मी म्हणाले.

"बाई, नगं."

"कानाला लाव. ती काय म्हणते ते पुरतं ऐक. मग देते."

त्याने मान हलवली आणि मागे सरकला, पण गहिनीनाथने मागून त्याचे दोन्ही खांदे धरले आणि हेडफोन मीच त्याच्या डोक्यावर बसवले. माझ्या हातांनी, घट्ट. मग त्याचे खांदे सोडून गहिनीनाथने ताटली खड्ड्यावर नेली.

सहादू धडपडला नाही. तो ऐकत राहिला. थोड्या वेळाने "व्हय," म्हणाला. मग पुन्हा, "व्हय." बायको चारचौघांत बोलायला लागली की नवरे खाली बघून हुंकार देतात, तसा. त्याने काय ऐकलं ते मला कळलं नाही. मग हेडफोन स्वतःच काढून त्याने नीट खडकावर ठेवले, गुडघ्यांवर बसला, आणि पालथा पडून त्या खड्ड्याला तोंड लावलं.

मला वाटलं वाळू खातोय. गहिनीनाथ ओढायला पुढे झाला, पण मधेच थांबला. मीही पाहिलं. सहादूच्या गालांभोवतीची वाळू हलत होती. त्याच्या श्वासाने नव्हे. तो बाहेर सोडत होता तेव्हा ती आत जात होती.

किती वेळ तसं चाललं सांगता येत नाही. मी ओरडले, "उठवा त्याला!" दोघांनी मिळून त्याला उताणं केलं. जिवंत होता. तोंड मिटलेलं, हनुवटी आणि गळा ओला, आणि त्या ओलीला वाळूचा एक कणही चिकटलेला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. सहादूने माझ्याकडे कधी सरळ पाहिलेलं नव्हतं. जीभ थोडी बाहेर काढून, पाटीकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

मग तो उठला आणि चालू लागला.

आम्ही मागे होतो. तो गावात गेला नाही. पलीकडे बाभळींत दुष्काळी कामाची माणसं जेवायला बसली होती, सगळं गावच म्हणा ना. पाटील होते, मुकादम होता, बाया होत्या, माझ्या वर्गातली पोरं होती. सहादू त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं.

उघडलं ते मिटलंच नाही. ओठ हलले नाहीत, जीभ हलली नाही. घागरीच्या तोंडासारखं ते नुसतं उघडं राहिलं आणि आतून आक्काबाई बोलली.

"दोर ह्यांनी सोडला," ती म्हणाली, आणि सहादूचा हात वर येऊन त्याच्याच छातीवर टेकला. "निसटला न्हाई. मी खालनं वर बघत हुते. ह्यांनी आदी एक हात सोडला, मग माज्याकडं बघितलं, मग दुसरा सोडला."

एका पोराच्या हातातली भाकरी खाली पडली. तेवढाच आवाज झाला.

ती आणखी बोलली. विहिरीच्या तळाशी ती संध्याकाळपर्यंत जिवंत होती, हे सांगितलं. सहादू कठड्यावर बसून होता, हेही सांगितलं. मग सहादूचं तोंड खट्‍कन मिटलं आणि तो जागच्या जागी बसला, खांब मोडल्यासारखा.

मी पाटलांकडे पाहिलं. मला त्यांना म्हणायचं होतं, ऐकलंत? पण ते सहादूकडे बघतच नव्हते. मुकादमही बघत नव्हता. दोन-तीन बाया तोंडावर पदर घेऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यासुद्धा नाही. सगळे नदीकडे बघत होते. आणि मग एकेक जण माझ्या पदरातल्या बाटलीकडे.

७

दिवेलागणीला ते आले. आम्ही दार लावून घेतलं होतं. आधी पाटलांचा आवाज आला, नरम, मग दुसऱ्यांचे, नरम नसलेले. कुणाला आपल्या बापाचं परत हवं होतं, कुणाला भावजयीचं, कुणाला पहिल्या बायकोचं. सोन्यासाठी नव्हे. दाराच्या फटीतून मला एकाचा हात दिसला. मूठ आवळत होती, उघडत होती. सकाळी सहादू उभा होता तसेच ते सगळे उभे होते.

"एवढ्या सगळ्यांना?" मी गहिनीनाथला कुजबुजत विचारलं. "एवढ्या सगळ्यांना भीती वाटते?"

तेवढ्यात मागून सासूचा हात माझ्या दंडावर पडला.

"मनकर्णे," त्या म्हणाल्या, "त्यातला एक मला दे आदी."

मला कळलंच नाही. "तुम्हाला कशाला, आत्याबाई?"

त्यांनी माझा दंड आणखी घट्ट धरला. गहिनीनाथने दिवा उचलून त्यांच्या तोंडापुढे धरला. त्याचे वडील गोरक्षनाथ, म्हणजे आण्णा, तो पलटणीत भरती झाला त्याच वर्षी गेले होते. झोपेत गेले, असं त्याला कळवलं होतं. तो आला तेव्हा राखही सावडून झाली होती.

"आये, कुणासाठी पायजे?"

"दे म्हनते ना."

"आण्णासाठी?"

चांगुणाबाईंनी ओठ मिटून घेतले. इतके घट्ट की ते दिसेनासे झाले.

गहिनीनाथने दिवा खाली ठेवला. यंत्र खांद्याला लावलं, हेडफोन गळ्यात अडकवले आणि परसदाराकडे वळला. चांगुणाबाईंना त्या दिवसांत परसाकडे जायचं तरी हात धरावा लागे. त्या धावल्या. धावून त्यांनी मुलाची कंबर धरली आणि मोठ्याने ओरडल्या, "गयनी, जाऊ नगं! ऐकू नगं रं त्यांचं! तुला न्हाई म्हाईत ते कसे हुते!"

त्याने आईची बोटं एकेक करून सोडवली आणि तो गेला.

पुढचं दार मोडायला आलं होतं. मी बाटलीचं झाकण काढलं, कडी काढली आणि सगळे कण अंगणातल्या धुळीत ओतून दिले. "घ्या," मी म्हणाले. "आपापलं ओळखून घ्या." कुणीही ओळखायला थांबलं नाही. पाटील गुडघ्यांवर बसून धूळ चाळत होते. ज्याला सापडलं तो मूठ मिटून नदीकडे पळाला. ज्याला नाही सापडलं त्याने घरी जाऊन बायकोच्या गळ्यातला मणी तोडला. नदीच्या वळणावर त्या संध्याकाळी कंदीलच कंदील दिसत होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

गहिनीनाथ त्यांच्या आधी पोचला होता. त्याला पुरेसा वेळ मिळाला होता.

सहादूला पोलिसांनी कर्जतला नेलं. तिथे त्याला स्वतःचा आवाज परत आला आणि त्याने सगळं नाकारलं. साक्षीला कोण मिळणार? त्या बाभळींखाली सबंध गाव बसलं होतं, पण त्या दिवशी काही ऐकलंय असं म्हणणारी मी एकटी निघाले. वाळूतला आवाज पुरावा म्हणून कुठल्या कागदावर लिहायचा? त्याला सोडून दिलं. तो पुन्हा गावात राहिला नाही. आजही त्या गावचं कुणी भेटलं आणि "सहादू बिचारा" म्हणालं की मी उठून निघून जाते.

यंत्र गहिनीनाथने त्याच आठवड्यात भंगारात घातलं. नागापूरची ती जागा गेली होती, दुसऱ्या कारखान्यात दुसरी मिळाली. आम्ही नगरला बिऱ्हाड केलं, सासूबाईंनाही आणलं. गावात एकटी कशी ठेवणार होतो त्यांना? त्या आणखी नऊ-दहा वर्षं जगल्या. मुलाची वाट बघत जेवायला थांबायच्या, त्याच्या आवडीचं हुलग्याचं माडगं करायच्या, वाटी त्याच्यापुढे सरकवायच्या.

नदीत काय ऐकलं ते त्याने मला सांगितलं नाही. मी विचारलं, भांडले, बोलणं सोडलं, तरी नाही. आईला त्याने कधी उलटं उत्तर दिलं नाही, औषधपाण्याला कधी कमी केलं नाही. पण त्या संध्याकाळनंतर तिच्या हातचं पाणीसुद्धा तो कधी प्यायला नाही. तिने वाटी सरकवली की तो ती उचलायचा, बाहेर मोरीत नेऊन ओतायचा, आणि माझ्याकडे ताट मागायचा.